नऊ वर्षांच्या मुलीचं बीपी किती असावं?

प्रश्न : माझे सासरे रोज सकाळी घरच्या मशिनवर बीपी बघतात. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी ‘आजोबा, माझंपण बघा’ म्हणून हटून बसली. तिचा आकडा आला ११८/७६. सासरे म्हणाले, ‘माझ्यापेक्षा छान आहे, एकदम नॉर्मल.’ पण माझ्या मनात शंका राहिलीच. लहान मुलांचं बीपी मोठ्यांएवढंच असतं का? मुलांना बीपीचा त्रास होतो का? आमचे डॉक्टर दर वेळी तिचं वजन आणि उंची बघतात, बीपी मात्र त्यांनी आजवर एकदाही बघितलेलं नाही. (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. लहान मुलांचं बीपी मोठ्यांएवढं नसतं, बरंच कमी असतं. ११८/७६ हा आकडा तुमच्या सासऱ्यांना आला तर आनंदाची गोष्ट. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र तो जास्त आहे. लगेच घाबरून जाऊ नका. हा आकडा ज्या मशिनवर आणि ज्या पट्ट्याने घेतला, त्याच्यावर एवढ्या लहान मुलीच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. पण ‘नॉर्मल आहे’ म्हणून तो सोडूनही देऊ नका.

हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं, तेव्हा धमनीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावतं, तेव्हा उरतो तो खालचा. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचा वरचा आकडा पहिल्या दोन-तीन दिवसांत साधारण ६५ ते ७५ असतो. वर्षाच्या वाढदिवसापर्यंत तो ८५ ते ९० च्या घरात येतो. पुढे उंची वाढते, हृदय मोठं होतं, रक्त अधिक लांब पोचवावं लागतं, तसा तोही दरवर्षी थोडा थोडा चढतो आणि वयात येताना झपाट्यानं वर जातो. म्हणून एकाच इयत्तेतल्या दोन मुलींमध्ये उंच मुलीचं बीपी बुटक्या मुलीपेक्षा थोडं जास्त असणं हे निरोगीपणाचंच लक्षण आहे. मुलांसाठी ‘१२०/८०’ असा एकच आकडा का चालत नाही, ते यावरून कळेल. मुलाचं वय किती, मुलगा की मुलगी आणि उंची किती, या तीन गोष्टी कळल्याशिवाय आकड्याला अर्थच येत नाही.

मग जास्त म्हणजे किती? एकाच वयाच्या आणि एकाच उंचीच्या शंभर मुली बीपीच्या चढत्या क्रमानं एका रांगेत उभ्या केल्या आहेत असं समजा. नव्वदाव्या मुलीच्या अलीकडचे सगळे आकडे सामान्य. नव्वद ते पंचाण्णव या पट्ट्यात आकडा आला तर ‘वाढलेला, लक्ष ठेवा’. पंचाण्णवाव्या मुलीला गाठलं किंवा ओलांडलं, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. सीईटीच्या निकालात पर्सेंटाइल बघणाऱ्या घरांना हा हिशेब नवा नाही. मोठ्यांच्या बाबतीत ही रेघ हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मोजून आखली गेली. मुलांना हे आजार सहसा होत नाहीत, त्यामुळे त्यांची रेघ निरोगी मुलांच्या आकड्यांवरूनच आखावी लागते. सध्या अनेक ठिकाणी वापरात असलेले तक्ते अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली प्रसिद्ध केले. सुमारे ५०,००० मुलांच्या मोजणीवर ते बेतलेले आहेत. त्यांतून वजन जास्त असलेली मुलं मुद्दाम वगळली, कारण त्यांच्यामुळे आधीच्या तक्त्यांतली ‘सामान्य’ पातळीच वर सरकली होती.

पूर्ण तक्ता खूप मोठा आहे, तो डॉक्टरांकडेच राहू द्या. त्याच तज्ज्ञांनी चाळणीसाठी एक छोटा तक्ताही दिला आहे, तो आईवडिलांच्या उपयोगाचा आहे. त्यातले आकडे असे : तीन वर्षांच्या मुलाला १०१/५८ आणि मुलीला १०२/६०, पाचव्या वर्षी मुलाला १०३/६३, मुलीला १०४/६४, नवव्या वर्षी मुलाला १०७/७०, मुलीला १०८/७१, बाराव्या वर्षी मुलाला ११३/७५, मुलीला ११४/७५, आणि तेरापासून पुढे सगळ्यांना १२०/८०. वरचा किंवा खालचा, कुठलाही एक आकडा याला टेकला किंवा याच्या पुढे गेला, तर डॉक्टरांनी मोठा तक्ता उघडून नीट बघायचं. याचा अर्थ मुलाला आजार आहे असा होत नाही. हे आकडे त्या वयाच्या सगळ्यात बुटक्या मुलांना धरून ठरवले आहेत, म्हणून उंच मूल हे आकडे ओलांडूनही ठणठणीत असू शकतं. तुमच्या मुलीचे ११८ आणि ७६ हे दोन्ही आकडे नऊ वर्षांच्या १०८/७१ च्या पुढे आहेत. ती वर्गातली सगळ्यात उंच मुलगी असली, तरी ११८ जास्तच ठरेल.

आता मशिनकडे येऊ, कारण मुलांच्या बीपीत बहुतेक घोटाळे इथेच होतात. घरगुती मशिनबरोबर येणाऱ्या पट्ट्यावर बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं असतं. एवढा घेर असलेल्या दंडासाठी तो बनवलेला आहे. तुमच्या मुलीच्या दंडाचं माप घ्या. शिवणाची टेप खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर गुंडाळायची. नऊ वर्षांच्या बारीक मुलीचा घेर १८-१९ सेंटिमीटर भरेल. पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. तिची रुंदी या घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि लांबीनं दंडाचा ८० ते १०० टक्के भाग वेढला जावा. म्हणजे १९ सेंटिमीटर घेराला साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर रुंद आणि निदान १५ सेंटिमीटर लांब पिशवी हवी. आजोबांचा पट्टा याहून बराच मोठा आहे. मोठा पट्टा आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून ‘मशिन चुकलं असेल’ असं म्हणून हा आकडा बाजूला टाकता येत नाही. याच्या उलट, पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा फुगतो. अंगानं भरलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘मुलांचा’ म्हणून छोटा पट्टा बांधला की नसलेलं बीपी दिसू लागतं. वजनदार मुलांना अनेकदा मोठ्यांचाच पट्टा लागतो, पुष्कळ लठ्ठ मुलाला तर त्याहूनही मोठा. पट्टा दंड मोजून निवडायचा असतो, वय बघून नाही.

हा धडा वैद्यकशास्त्राला फार लवकर मिळाला होता. इटलीतल्या तुरिन शहरात शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायच्या फुगणाऱ्या पट्ट्याचं उपकरण मांडलं. आजही आपण त्याचीच सुधारलेली रूपं वापरतो. त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, आणि त्यामुळे आकडे जास्त येत. पाचच वर्षांत, १९०१ मध्ये, हाइनरिक फॉन रेकलिंगहाउझेन यांनी ही चूक दाखवून दिली आणि पट्टा रुंद केला. १९०५ मध्ये रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून धमनीतले आवाज ऐकण्याची रीत सांगितली. डिजिटल मशिन आवाज ऐकत नाही, ते पट्ट्यातल्या कंपनांवरून आकड्याचा अंदाज बांधतं. मुलांसाठी तपासून घेतलेली मशिनं फार थोडी आहेत. म्हणून मशिनवर आकडा जास्त आला, तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून, कानांनी ऐकून तो पक्का करायचा असा नियम आहे.

मोजायची रीतही नीट सांभाळायला हवी. पळून, रडून किंवा ‘आता सुई टोचणार का?’ या धास्तीत बसलेल्या मुलाचा आकडा कशालाच उपयोगी नाही. तीन ते पाच मिनिटं शांत बसू द्या, बोलू देऊ नका. पाठ खुर्चीला टेकलेली हवी. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल द्या. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. हात हृदयाच्या उंचीवर टेबलावर टेकवायचा, आणि हात उजवाच घ्यायचा. त्याला कारण आहे. काही मुलांच्या महाधमनीत जन्मापासून एक अरुंद जागा असते. कधी कधी ही जागा डाव्या हाताकडे जाणाऱ्या फाट्याच्या आसपास असते. तेव्हा उजव्या हातात दाब चढलेला असूनही डाव्या हातात तो कमी भरतो, आणि आजार नजरेतून सुटतो. अशा मुलाच्या जांघेतली नाडी क्षीण लागते किंवा हाताला लागतच नाही. अनुभवी बालरोगतज्ज्ञ नव्या बाळाच्या जांघेवर दोन बोटं ठेवून थांबतात, ते याच्याचसाठी. पालकांना वाटतं, डॉक्टर हर्निया बघत आहेत.

तेव्हा तुम्ही मुलीला बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि बीपी मोजून घ्यायचं आहे हे आधीच सांगा. पहिला आकडा जास्त आला तर त्याच भेटीत आणखी दोनदा मोजून सरासरी काढतात. ती सरासरीही जास्त आली तरी त्या दिवशी आजाराचा शिक्का बसत नाही, वेगवेगळ्या दिवशी तीन भेटींत आकडा चढाच राहायला हवा. दवाखान्यात आल्यावरच ज्यांचा आकडा चढतो अशीही बरीच मुलं असतात. शंका राहिली तर पाच वर्षांपुढच्या मुलांना चोवीस तास कमरेला बांधायचं यंत्र लावतात. ते दर वीस-तीस मिनिटांनी, रात्री झोपेतही, बीपी नोंदवत राहतं. मोठ्या शहरांत ही सोय मिळते. काही महिने गोळी द्यायची की नाही, हे ठरवण्याआधी ही तपासणी झाली तर फार बरं.

तुमचा दुसरा प्रश्न, मुलांना बीपीचा त्रास होतो का. होतो. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की १९ वर्षांपर्यंतच्या मुलांत सुमारे ४ टक्क्यांना उच्च रक्तदाब असतो. पन्नास मुलांच्या वर्गात साधारण दोन. यातल्या बहुतेकांना काहीही होत नसतं, ना डोकेदुखी, ना चक्कर. मोजल्याशिवाय कळायला मार्गच नाही. म्हणूनच ‘तिला काही त्रास नाही, मग कशाला बघायचं?’ हा विचार मला पटत नाही.

मूल जितकं लहान आणि आकडा जितका मोठा, तितकी आत काही दडलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि बहुतेक वेळा ते मूत्रपिंडात दडलेलं असतं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत नेहमी दिसणारं एक चित्र सांगते. सहा-सात वर्षांचा मुलगा. पावसाळ्यात पायांवर खरूज होऊन चिघळली होती, किंवा घसा धरला होता. ती कुरबूर बरी झाली, सगळे विसरले. घशानंतर एक-दोन आठवड्यांनी, त्वचेच्या जखमांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी, एके सकाळी तो उठतो तो डोळ्यांखाली सूज घेऊन. आईला वाटतं, झोप जास्त झाली. लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा येतो. या वेळी बीपी मोजलं तर ते बेसुमार चढलेलं सापडतं. न मोजलं तर डोकं दुखणं, उलट्या, आणि काही वेळा थेट झटका येऊन ते मूल दवाखान्यात पोचतं. घसा किंवा त्वचा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूविरुद्ध शरीरानं दिलेल्या लढ्याचे पडसाद मूत्रपिंडावर उमटतात, त्यातून हे होतं. वेळेवर ओळखलं, मीठ-पाणी मर्यादेत ठेवलं आणि औषधं दिली, तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. सुजलेला चेहरा आणि लालसर-तपकिरी लघवी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या काही मुलांच्या मूत्रपिंडावर व्रण राहतात, त्यांच्यातही पुढे बीपी चढू शकतं. लहानपणी कारण न कळलेला, सतत येणारा ताप हा कधी कधी याच संसर्गाचा असतो, म्हणून अशा तापात लघवी तपासणं फार महत्त्वाचं. धमन्यांना सूज आणून मूत्रपिंडाची रक्तवाहिनी आवळणारा ताकायासु नावाचा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडच्या मुलांत जास्त दिसतो. औषधांनीही आकडा चढतो. दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी बराच काळ घेतलेली स्टिरॉइड्स, नाक मोकळं करणारे थेंब आणि सर्दीची काही सिरपं यांची नावं डॉक्टरांना सांगायला विसरू नका. आणि ज्येष्ठमधही सांगा. खोकल्याला चिमूटभर चघळला तर काही होत नाही. पण आठवडेच्या आठवडे रोज भरपूर घेतला तर शरीरात मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वर जातं.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, वजन जास्त. डॉक्टरांनी तीन वेळा मोजून १३२/८४ सरासरी सांगितली. घरात आजोबांना, वडिलांना बीपी आहे. आता याला जन्मभर गोळी घ्यावी लागणार का? तो तालमीत जातो, ते बंद करायचं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गोळी आजच लागेल असं नाही, आणि जन्मभराची गोष्ट तर अजून फार दूर आहे. तेरा वर्षांपुढे उंची-वयाचा तक्ता बाजूला ठेवून मोठ्यांसारखे सरळ आकडे वापरतात. १३०/८० ते १३९/८९ हा पहिला टप्पा, १४०/९० आणि त्यापुढे दुसरा. तुमचा मुलगा पहिल्या टप्प्यात आहे. मोठा मुलगा, अंगानं भरलेला, घरात बीपीचा वारसा, एवढ्या गोष्टी जमून आल्या की बहुतेक वेळा आत दुसरा आजार नसतो. तरी लघवी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि क्षार, कोलेस्टेरॉल, साखर एवढं एकदा बघावंच. हृदयाची भिंत जाड होऊ लागली आहे का, हे इकोवर कळतं. गोळी सुरू करायची वेळ आली तर ती तपासणी करतात. तो झोपेत जोरात घोरत असेल आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. झोपेत श्वास अडखळल्यानंही बीपी चढतं.

त्रास काही नसेल आणि तपासण्या ठीक असतील, तर पहिले काही महिने खाणं, खेळ आणि झोप यांवरच भर द्यायचा. तेवढ्यानं आकडा खाली आला नाही, त्याला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार निघाला, हृदयाची भिंत जाड दिसली किंवा आकडा दुसऱ्या टप्प्यात गेला, तर गोळी द्यावी लागते. मुलांना देण्याजोगी, अनेक वर्षं वापरात असलेली औषधं आहेत. वजन उतरलं की अनेकांची गोळी कमी करता येते, काहींची थांबवताही येते. आजोबांच्या डब्यातली गोळी अर्धी करून मुलाला देणं मात्र कधीही करू नका.

तालीम बंद करू नका. धावणं, पोहणं, कबड्डी, फुटबॉल, सायकल, सूर्यनमस्कार, त्याला आवडेल ते रोज तासभर होऊ द्या. पहिल्या टप्प्यात खेळावर बंधन नाही. आकडा दुसऱ्या टप्प्यात असेल, तर तो ताब्यात येईपर्यंत कुस्ती आणि वजन उचलण्याचे व्यायाम थांबवायचे, कारण दम रोखून जोर लावताना दाब अचानक खूप चढतो. हे वस्तादांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मुलगा सांगणार नाही.

मिठाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण घराघरांत याबद्दल गैरसमज आहेत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा; मुलांना त्याहून कमी. सैंधव किंवा काळं मीठ घेतलं म्हणजे सुटका झाली असं वाटतं, पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, आणि बहुधा त्यात आयोडीनही नसतं. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणायचं. एका सर्व्हिंगमध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झालं. झटपट नूडल्सचं एक पाकीट सहज एवढ्यापर्यंत जातं. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, तोही सोडियमच. फरसाण, वेफर्स, सॉस, लोणचं, पाव, चीज यांचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि भाजीतल्या चिमटीवरून मात्र वाद होतात. आधी मधल्या वेळचं खाणं बदला : शेंगदाणे आणि फुटाणे, पण बिनमिठाचे, केळं, पेरू, घरचं ताक, उकडलेली रताळी. पोटॅशियमचं ‘कमी सोडियमवालं’ मीठ मात्र मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मूत्रपिंडात दोष असेल तर ते धोक्याचं ठरतं. सगळ्या घरानंच बदललं तर मुलगा बदलेल. आजोबा आणि वडील दोघांनाही या बदलाची गरज आहेच.

मुलाचं जन्माच्या वेळचं वजन तुम्हाला आठवतं का? विचारण्याचं कारण पुण्यातलं आहे. १९८७ ते १९८९ च्या सुमारास पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांना डॉ. आशिष बावडेकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी पुन्हा बोलावून तपासलं. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठव्या वर्षीचं वजन हिशेबात धरल्यावरही असं दिसलं की जन्मवजन जितकं कमी, तितका बीपीचा वरचा आकडा जास्त. आणि इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची अडचण सगळ्यात जास्त कुणाला होती? जी मुलं जन्मताना बारीक होती आणि आठव्या वर्षी ज्यांच्या अंगावर चरबी जास्त होती, त्यांना. दोन किलोच्या आसपास जन्मलेलं बाळ पहिल्या दोन वर्षांत नीट वाढायलाच हवं, त्यात कसर नको. पण पुढे शाळेत जाऊ लागल्यावर ‘बिचारं बारीक जन्मलं होतं’ म्हणून त्याला तूप-साखर, बिस्किटं आणि आग्रहाचे घास भरवत राहणं थांबवा. माझ्या मते आपल्या समाजात लठ्ठपणाइतकंच या मायेकडेही लक्ष द्यायला हवं.

प्रश्न : अकरा वर्षांची मुलगी शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभी असताना दोनदा चक्कर येऊन पडली. सगळे म्हणतात, ‘बीपी लो आहे, मीठ-साखरेचं पाणी पाज.’ (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उपाशीपोटी, कडक उन्हात बराच वेळ ताटकळत उभं राहिलं की पायांत रक्त साचतं, बीपी क्षणभर घसरतं आणि मूल कोसळतं. आडवं केलं, पाय उंचावर ठेवले की मिनिटाभरात ते शुद्धीवर येतं. हा ‘लो बीपी’चा कायमचा आजार नव्हे. सकाळी काही खाऊन आणि पाणी पिऊन शाळेत पाठवा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसायला शिकवा, लाज वाटून उभं राहू नको म्हणावं. एकदा हिमोग्लोबिन बघा, या वयाच्या मुलींत ते अनेकदा कमी असतं. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काहीही ओतू नका, ठसका लागून जीव गुदमरेल. मात्र धावताना किंवा खेळताना ती कोसळली, आधी छातीत दुखलं किंवा धडधडलं, किंवा नात्यात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर उशीर न करता ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

तिन्ही पत्रांच्या निमित्तानं सगळ्याच पालकांना विनंती आहे. तीन वर्षं पूर्ण झाल्यापासून वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचं बीपी मोजलं गेलं पाहिजे, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वजन जास्त असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, महाधमनीचा दोष असेल किंवा बीपी चढवणारं औषध चालू असेल, तर प्रत्येक भेटीत. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली, नवजात अतिदक्षता विभागात राहिलेली, हृदयात जन्मजात दोष असलेली किंवा लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणारी बाळं असतील, तर तीन वर्षं थांबायचंही नाही. प्रत्यक्षात गर्दीच्या ओपीडीत हे राहून जातं, कारण पट्ट्यांचा संच हाताशी नसतो आणि मूल पाच मिनिटं शांत बसेपर्यंत थांबायला वेळ नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून एकदा सरकारी शाळांत आणि दोनदा अंगणवाड्यांत मुलं तपासतात. पथक येईल त्या दिवशी शाळेत जा आणि ‘माझ्या मुलाचं बीपी बघता का?’ असं विचारा. खाजगी डॉक्टरांकडे गेलात तरी हेच विचारा. कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही. आलेला आकडा, ती तारीख, त्या दिवशीची उंची आणि वजन लसीकरणाच्या कार्डावर एका ओळीत लिहून ठेवा, आणि पट्टा कुठला बांधला तेही त्याच ओळीत टिपून घ्या.